न मागणाऱ्याचे देणे



जो काहीच मागत नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का? हा प्रश्न आम्हाला घरातल्या एका कुंडीने विचारला.

तीन वर्षांपूर्वी नातेवाइकांनी आम्हाला झीझी प्लांट भेट दिले. गडद हिरवी, मेण लावल्यासारखी चकचकीत पाने. "याला काही करावे लागत नाही. महिनाभर विसरलात तरी चालेल," असे त्यांनी सांगितले. हा सल्ला आम्ही अगदी मनापासून पाळला. विसरलो.

हे झाड मूळचे पूर्व आफ्रिकेतले. केनियापासून दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागापर्यंत ते रानात उगवते. १९९६च्या सुमारास हॉलंडमधील रोपवाटिकांनी त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू केली आणि ते जगभरच्या घरांत पोचले. आपल्या अळूच्या व सुरणाच्याच कुळातले ते; त्याचा चीकही तसाच खाजरा, म्हणून लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये. मातीखाली त्याचे बटाट्यासारखे कंद असतात. त्यांत साठवलेल्या पाण्यावर ते कोरडे दिवस काढते.

आमची फसगत झाली ती इथेच. पाने हिरवी, म्हणजे झाड खुशाल, असे आम्ही धरून चाललो. पण तो हिरवेपणा आजचा नव्हता, जुन्या शिलकीवरचा होता. एके दिवशी पाने गळू लागली, तोवर मातीखालची शिल्लक संपत आली होती.

त्याच वर्षी आमच्या काकीचे कळले. काकी आमच्यातच राहते. "मला काही नको, माझे बरे चालले आहे," हे तिचे नेहमीचे बोलणे. दर रविवारी मिस्साला ती गायनाचे पुस्तक उघडून गाते, एक शब्द चुकत नाही. एका रविवारी शेजारी बसलेली आमची धाकटी हळूच म्हणाली, "आजी, तुझे पान वेगळेच आहे." डॉक्टरांकडे नेले, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभर काकी पाठांतरावर गात होती. "सांगितले का नाहीस?" असे विचारले, तर म्हणाली, "तुम्ही सगळे कामाला जाता. कशाला आणखी त्रास?"

तीही शिलकीवरच चालली होती. आणि आम्ही तिचे न मागणे म्हणजे तिला गरज नसणे, असा सोयीचा अर्थ काढला होता.

मग आम्ही दुसरी चूक केली. पाने गळाल्याची लाज वाटून घरातला जो तो येता-जाता कुंडीत तांब्याभर पाणी ओतू लागला. दोन महिन्यांत देठ पिवळे आणि मऊ पडले, मातीला वास येऊ लागला. कंद कुजले होते. झीझी प्लांट तहानेने क्वचितच मरते, बहुधा जास्त पाण्याने मरते. खरे पाहता आम्ही पाणी घालत होतो ते झाडाच्या तहानेसाठी नव्हे, स्वतःच्या मनाला बरे वाटावे म्हणून. काकीचेही तेच. शस्त्रक्रियेनंतर डोळे बरे झाले तरी आम्ही तिच्या हातून विळी काढून घेतली, तिला उठू देईनासे झालो. शेवटी ती चिडली, "मी काय पाहुणी आहे का या घरात?"

काळजी घेणे म्हणजे आधी पाहणे, मग देणे. झीझीच्या मातीत एक काडी खोलवर खुपसून बघावी. ओली माती चिकटून आली, तर तांब्या खाली ठेवावा. तळापर्यंत कोरडे असेल तेव्हा भरपूर पाणी घालावे आणि बशीत उतरलेले ओतून टाकावे. पावसाळ्यात आणखी कमी. उजेड हवा, पण कडक ऊन नको. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. काम पाच मिनिटांचे. पण आज पाणी नको आहे, हे कळायलाही कुंडीपाशी जावेच लागते. कमी लागते ते पाणी. लक्ष कमी लागते असे कोणी म्हटलेले नाही.

कुजलेल्या झाडाची दोन धडधाकट पाने आम्ही नव्या मातीत खोचली होती. पाच महिन्यांनी हळूच उकरून पाहिले, तर एकाच्या तळाशी वाटाण्याएवढा कंद धरला होता. आता त्या कुंडीकडे काकी बघते. पाणी कधी घालायचे ते तीच सांगते आणि आम्ही ऐकतो.

आपल्या घरात, शेजारी, रविवारी आपल्याच बाकावर "माझे बरे आहे" म्हणणारे कोण आहे? त्यांनी मागण्याची वाट आपण पाहत बसलो, तर ते मागणार नाहीत. या आठवड्यात त्यांच्यापाशी थोडा वेळ बसू या. काही देण्याची घाई नको. आधी नीट पाहू या.