एका नगाची किंमत

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत शिफ्ट सुटली, बसगाड्या आणि दुचाक्या त्र्यंबक रोडला लागल्या, की आतल्या एखाद्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरजवळ जरा थांबा. कुंपणाच्या बाहेरच, अर्थात. दिवसभर पॉवर प्रेसच्या ठोक्यांखाली दबलेली त्याची घरघर आता ऐकू येईल. आपल्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं होतात आणि प्रत्येक आवर्तनात कोरच्या पत्र्या दोनदा किंचित ताणल्या जातात, म्हणून ही घरघर 100 हर्ट्झची. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट दाबलं तर 98 हर्ट्झचा स्वर निघतो. म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर जवळजवळ त्याच स्वरात लागलेला आहे. ऐकत राहा. दुसरा विचार आला तर येऊ द्या, आणि पुन्हा घरघरीकडे या.

आता डोळ्यांसमोर एक वस्तू आणा. गुडघ्याएवढी पेटी, रेक्झीन चढवलेली, पुढे जाळीचं कापड, एक छोटा लाल दिवा. हाताने बांधलेला, व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर. लॉस एंजेलिसची मॅचलेस ही कंपनी 1989 पासून असे अँप बांधते. तिचा डीसी-30 अमेरिकेतच चार-पाच हजार डॉलरच्या घरात जातो. याच्याही वरची नावं आहेत. केन फिशर आपल्या ट्रेनरेक अँपना सीरियल नंबरऐवजी बायकांची नावं देत. हॉवर्ड अलेक्झांडर डंबल यांनी उभ्या आयुष्यात सुमारे 300 अँप बांधले. ते 2022 मध्ये गेले. त्यांचा एकेक अँप आज एक लाख डॉलरच्या वर विकला जातो. एवढ्या पैशात दोन-तीन सीएनसी लेथ येतील, हा हिशेब सातपूरच्या माणसाच्या मनात आपोआप सुरू होतो. तो पुसू नका. शेजारी ठेवा. लालसा जागी झाली असेल तर तीही त्याच्याच शेजारी ठेवा.

मनातल्या मनात पेटीची मागची फळी काढा. खरी पेटी असती तर मी तुमचा हात धरला असता, कारण प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये 300-400 व्होल्ट साठून राहू शकतात. मनातल्या पेटीला ती भीती नाही. आत काय दिसतं? दोन-तीन बारीक व्हॉल्व्ह, दोन किंवा चार जाडे व्हॉल्व्ह. असेच व्हॉल्व्ह बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स 1961 पासून बनवू लागली, आणि ते घरोघरच्या रेडिओत मंद नारिंगी जळत असत. मग रेझिस्टन्स आणि कंडेन्सर, मोजून चार मुठींत मावतील एवढे. महागड्या अँपच्या जाहिरातीत जुन्या पद्धतीच्या कार्बन रेझिस्टन्सचं फार कौतुक असतं. ते सुसू आवाज करतात आणि तापून आपली किंमत बदलतात. त्यांच्याहून स्वस्त आणि शांत असे मेटल फिल्म बाजारात ढिगाने मिळतात. इथे रेंगाळू नका.

रेंगाळायचं आहे ते चासीवरच्या त्या जड लोखंडी ठोकळ्यापाशी. दोन ठोकळे असतील. एक घरातली वीज चढवून व्हॉल्व्हना देतो. दुसरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हकडून येणारी वीज दाबाने जास्त आणि प्रवाहाने अगदी थोडी असते. स्पीकरला नेमकं उलट लागतं. एकाची भाषा काही हजार ओहमची, दुसऱ्याची 8 किंवा 16 ओहमची, आणि त्यांच्यामध्ये हा उभा. केसासारख्या तारेचे शेकडो वेढे, मग जाड तारेचे थोडे, मग पुन्हा केसासारखे. असं एकाआड एक गुंडाळलं नाही तर वरचे सूर वाटेतच गळतात. प्रत्येक थरामध्ये कागद. वेढा वेढ्यावर चढता कामा नये, तारेचं इनॅमल खरचटता कामा नये. शेवटी सिलिकॉन स्टीलच्या पत्र्या एकेक करून भरायच्या आणि वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायचं, नाहीतर पत्र्या बोलायला लागतात.

हे वाचताना सातपूरमधल्या कुणाला काही नवल वाटलं नसेल. स्विचगिअर बनवणारी एबीबी इथली. जुनी माणसं अजून जिला मायको म्हणतात त्या बॉशमध्ये डिझेल नोझलच्या सुईची फट मायक्रॉनमध्ये मोजतात. या मोठ्या नावांच्या सावलीत लहान लहान गाळे जॉबवर्कवर जगतात, आणि कॉइल वाइंडिंग हेही त्यातलंच काम. मशीनवरचा काउंटर वेढे मोजतो, पण तारेचा ताण बोटांनाच कळतो. त्या बोटांकडे थोडा वेळ पाहा. त्यांना नगावर पैसे मिळतात. आता बाजूला ठेवलेला हिशेब हळूच पुन्हा हातात घ्या, आणि या बोटांच्या शेजारी ठेवून बघा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कॅलिफोर्नियात फुलर्टनच्या फेंडर कारखान्यात 1950 च्या दशकात अँपची जोडणी बहुतेक बायका करत, बऱ्याचशा मेक्सिकन घरांतल्या. काम संपलं की चासीच्या आत मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर आपलं नाव लिहायचं, लिली किंवा लुपे. तेव्हा मिळत होती ती कारखान्यातली मजुरी. 1965 मध्ये फेंडर 1 कोटी 30 लाख डॉलरला सीबीएसकडे गेली, आणि त्याआधीच्या अँपना भाव चढत गेला. आज जुना अँप विकायला काढणारा माणूस त्या टेपचा फोटो हौसेने दाखवतो. ज्या नावाला तेव्हा किंमत नव्हती तेच आता किंमत वाढवतं. मला हे गोडही वाटतं आणि रागही येतो. दोन्हींपैकी एक निवडायची घाई नको.

आणखी एक गोष्ट मनात घोळवा. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकेहून येणारे फेंडर अँप तिथल्या पोरांना परवडत नव्हते. म्हणून 1962 च्या सुमारास मार्शल, केन ब्रॅन आणि अवघ्या विशीच्या आतला डडली क्रेव्हन यांनी फेंडर बासमनचा सर्किट जवळजवळ तसाच उचलून, हाताशी मिळणारे इंग्लिश सुटे भाग घालून आपला अँप बांधला. तोच मार्शल. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जे रोज चालतं त्याहून हे फार वेगळं नव्हतं. आज त्या पहिल्या खेपेतल्या नकलेच्या हुबेहूब नकला लोक हाताने बांधून लाखांत विकतात.

आता कान. मिरजेचा तंबोरा जुळवताना घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात, आणि एका विशिष्ट जागी आवाज उघडतो, त्यात उपस्वरांची दाटी होते. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीपलीकडे रेटलं की असंच काहीसं होतं. लाटेचा माथा कापला न जाता गोल होतो, मूळ स्वराच्या पटीतले सूर भरतात, तार हळू छेडली तर आवाज स्वच्छ, जोरात छेडली तर खरखरीत. ही गंमत खरी आहे, तिला भ्रम म्हणू नये. पण ती रेटल्यावरच येते. 15 वॅटचा अँप पूर्ण उघडला तर एक मीटरवर 110 डेसिबलच्या आसपास पोचतो. रहिवासी भागाची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45. अशोकनगरच्या दोन खोल्यांत चार लाखांचा अँप आणला तर त्याचं बटण एकच्या पुढे सरकणार नाही. वरच्या मजल्यावरचे काका तेवढाही सरकू देणार नाहीत. सातपूरच्या रस्त्यावर खऱ्या अर्थाने पूर्ण उघडलेला अँप ऐकायचा तर गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी गाठावी. तिथे कुणी व्हॉल्व्हचं नाव विचारत नाही.

कानाची परीक्षा घेण्याआधी दुसऱ्यांची बघू. 2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला क्लाउडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी 21 व्हायोलिनवादकांना एका हॉटेलच्या अंधूक खोलीत बसवलं, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवले आणि सहा व्हायोलिनं हाती दिली. तीन नवी, तीन जुनी, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस. घरी न्यायला निम्म्याहून अधिक जणांनी नवं निवडलं. सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. ही माणसं बहिरी नव्हती, बहुतेक व्यवसायाने वाजवणारी होती.

आता तुमची पाळी. मित्राला सांगा, दोन अँप एकाआड एक लाव, मी डोळे मिटतो. अट एकच, दोन्हींचा आवाज मोजून सारखा केलेला हवा, कारण अर्ध्या-एक डेसिबलने मोठा असलेला आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. विक्रेत्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मग दोन्ही अँप एकाच स्पीकरवर ऐका. त्यानंतर अँप तोच ठेवून फक्त स्पीकर बदला. दुसऱ्या वेळचा फरक डोळे न मिटताही कळतो. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गिळून टाकतो आणि उरलेल्याला स्वतःचा चेहरा देतो. सगळ्या चर्चेत त्याचं नाव शेवटी येतं, कारण तो बदलायला काही हजार रुपयेच लागतात.

माझं मत एव्हाना दिसलं असेल, तरी सांगतो. हाताने बांधलेल्या अँपमध्ये तीस वर्षांनी एखादा रेझिस्टन्स गेला तर कुणीही कसबी माणूस तो काढून नवा बसवू शकतो. त्या सुटसुटीत जोडणीचे पैसे द्यावेत. डंबल वाजवणाऱ्याची बोटं ऐकून मग अँप जुळवत असत. त्या वेळेचेही द्यावेत. पण त्याच डंबल यांनी सर्किटच्या मर्मावर इपॉक्सी ओतून ते झाकलं, म्हणजे नक्कल होऊ नये. नक्कल तरीही झाली. त्या काळ्या गोळ्याभोवती जी भक्ती जमली तिचे पैसे मी देणार नाही. आणि लाख डॉलरचे व्यवहार होतात ते बांधणारा गेल्यावर, दोन परक्या माणसांत. फिशर 2006 मध्ये गेले. त्यांच्या अँपचा भाव त्यानंतर कितीही चढो, त्यातून त्यांना सोल्डरच्या तारेचं एक बंडलही येणार नाही.

एवढं झाल्यावर वाटलंच की आपला अँप आपण बांधून घ्यावा, तर बासमनचा सर्किट सगळीकडे उपलब्ध आहे. तो घेऊन सातपूरमधल्या एखाद्या वाइंडिंगच्या गाळ्यात जा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे वेढे, तारेची जाडी, थरांचा क्रम कागदावर लिहून द्या. समोरचा माणूस कागद नीट वाचेल आणि विचारेल, “किती नग?” तुम्ही म्हणाल, एकच. मग तो मनात मांडेल: बॉबिन वेगळं आणावं लागणार, पत्र्या कुणी किलोच्या खाली देत नाही, मशीनचं सेटिंग बदलण्यात अर्धा दिवस, तेवढ्यात नेहमीच्या कॉइलचे शंभर नग निघाले असते, आणि पहिला बिघडला तर दुसरा पदरचा. या सगळ्याचा मिळून तो जो आकडा सांगेल तो ऐकून तुमचं तोंड उघडेल. घासाघीस करायची तर जरूर करा. फक्त त्याआधी, तो आकडा मॅचलेसच्या किमतीशी ताडून पाहण्याऐवजी, त्यानेच मनात मांडलेल्या यादीशी एकदा ताडून पाहा.