‘ना’ काढून विचारलेला प्रश्न

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात दोन तासांचं एक प्रशिक्षण झालं. आपल्या आसपासच्या कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तर डॉक्टर नसलेल्या साध्या माणसानं काय करावं, असा विषय होता. शिकवणाऱ्या बाईंनी तीन पायऱ्या सांगितल्या : विचारा, मन वळवा, पोचवा. पॉल क्विनेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९५ साली ही पद्धत बांधली. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहून मदत येईपर्यंत त्याला धरून ठेवतात, तशीच ही. मग जोड्या करून सराव. शेजारच्याला तोंडावर विचारायचं : तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?

आम्ही वीस-बावीस जण होतो. बहुतेक नागपूर-वर्धा-अमरावतीकडचे, घरी मराठी बोलणारे. एकाच्याही तोंडून तो प्रश्न मराठीत निघाला नाही. ‘आर यू फीलिंग सुसायडल’ मात्र सगळे सफाईनं म्हणाले, कारण इंग्रजीत ते वाक्य कुणा दुसऱ्याचंच वाटतं. मराठीत गाडी जेमतेम ‘काही बरंवाईट तर नाही ना मनात?’ इथवर गेली आणि थांबली. बाई म्हणाल्या, “तो ‘ना’ काढा. त्या ‘ना’मध्ये तुम्हीच उत्तर देऊन टाकताय.”

त्या ‘ना’नं मला बरंच मागे नेलं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी माझा एक मित्र होता. यवतमाळकडचा, घरी कापसाची शेती. त्या हिवाळ्यात त्यानं वर्गात येणं सोडलं, रात्री जागा असायचा. एक दिवस त्यानं स्वतःचा कॅल्क्युलेटर माझ्यासमोर ठेवला. “ठेव बे, मले नाही लागत.” मी विचारलं, “सगळं ठीक आहे ना?” तो हो म्हणाला. कॅल्क्युलेटर चांगला होता, मी घेतला. खोलीवर आल्यावर स्वतःला समजावलं की त्याचं खासगी असेल काहीतरी, ढवळाढवळ बरी नाही.

आम्ही ज्या खानावळीत जेवायचो, तिथल्या काकूंनी त्याचं अर्धं ताट रोज परत येताना पाहिलं होतं. एका रात्री सगळे गेल्यावर त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि विचारलं, “जीव द्यायचं मनात येऊन राहिलं काय रे बाबू?” तो रडला, हो म्हणाला, आणि कुणाला सांगू नका म्हणाला. काकूंनी त्याच रात्री त्याच्या मोठ्या भावाला फोन लावला आणि तो येईपर्यंत त्याला स्वतःच्या घरात झोपवलं. उपचार झाले, एक सेमिस्टर वाया गेलं. आज तो पुण्यात नोकरी करतो.

काकूंना हा अधिकार कुणी दिला? ज्याचं मन, त्याचं खासगी, हे मी मानतो. पण मी गप्प राहिलो तो या तत्त्वापायी, असं आता म्हणवत नाही. आपण रेल्वेत पहिल्या भेटीत पगार विचारणारी माणसं. लग्न का नाही झालं, मूल कधी, हे प्रश्न आपल्याला खासगी वाटत नाहीत. खासगीपणाची आठवण नेमकी इथेच येते. उत्तर ‘हो’ आलं तर आपण त्याचं काय करणार, हे मला ठाऊक नव्हतं. त्या भीतीला मी आदर असं नाव दिलं.

विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशीही एक समजूत आहे. २०१४ साली ‘सायकोलॉजिकल मेडिसिन’मध्ये अशा अभ्यासांचा आढावा आला, विचारल्यामुळे असे विचार लक्षणीय वाढल्याचं त्यातल्या एकाही अभ्यासात दिसलं नव्हतं. आपल्याकडे मात्र या प्रश्नाला पोलिसांचाही वास होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, म्हणजे ‘हो’ म्हणणं जवळजवळ कबुलीच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र तणावाखाली आहे असं गृहीत धरून त्याची काळजी घेणं सरकारवर टाकलं, आणि १ जुलै २०२४पासून जुनी संहिताच गेली. शब्दातली ‘हत्या’ मात्र तशीच आहे.

खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे, आणि विदर्भात राहून तो टाळता येत नाही. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं, तेव्हापासून आपण शेतकऱ्याच्या मरणावर वाद घालतो आहोत. कर्ज डोक्यावर आहे, कापसाला भाव नाही, आणि तुम्ही त्याचं मन तपासता? दुखणं बाजाराचं आणि औषध माणसाला, असं नाही का?

हे मला पटतं, पण पूर्ण नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बोलायला पाठवलं, पुढे समुपदेशक, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. २०१७मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आकडे आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेले लोक ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. आणि २७ टक्के म्हणजे बाकीचे ७३ पोचलेच नाहीत. तरीही, भाव मिळेपर्यंत माणूस जिवंत राहायला हवा, आणि हमीभावाची मागणी करायलाही तोच लागतो.

मला जास्त छळते ती तिसरी पायरी, ‘पोचवा’. कुठे? नागपुरात १८६४पासूनचं सरकारी मनोरुग्णालय आहे आणि त्याच्याजवळचा चौक ऑटोवाल्यांच्या तोंडी अजून ‘पागलखाना चौक’ आहे. तिथे चल, हे मित्राला कोणत्या तोंडानं सांगायचं? २०२२पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. प्रशिक्षणानंतर मी तो फोनमध्ये ठेवला. पुढे नेण्याची सोय नसताना विचारत सुटणं मला अजूनही अर्धवट काम वाटतं. पण काकूंकडे तरी कोणता क्रमांक होता? भावाचा होता.

आणि त्यांनी शब्द मोडला होता. ‘कुणाला सांगू नका’ला त्या काही बोलल्याच नव्हत्या, पण मित्रानं ते होच धरलं होतं. तो वर्षभर त्यांच्याकडे जेवायला गेला नाही. काकूंनी कधी सफाई दिली नाही.

या दिवाळीत तो नागपूरला आला तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी मी नीट विचारलं असतं तर? “तुले नसतंच सांगितलं,” तो म्हणाला. बरं वाटावं की वाईट, हे कळेना. मी कॅल्क्युलेटर आणला होता. तो म्हणाला, “ठेव बे.” मग मी विचारलं. मराठीत, पूर्ण वाक्य, ‘ना’ न लावता. आवाज जरा खाली गेला.

तो हसला नाही. थोडा थांबून म्हणाला, “मधूनमधून येते. सध्या नाही. गोळ्या चालू आहेत.” मग कोणत्या गोळ्या, डॉक्टर कोण, झोप लागते का, असं बराच वेळ बोलत बसलो.