मरणाच्या दारातून परतल्यावर



आयसीयूमधून घरी आलेल्या माणसाला आपण भेटायला जातो. सफरचंदे टेबलावर ठेवतो, तब्येतीची चौकशी होते, आणि मग तो हळू आवाजात सांगतो, 'मी जाऊन आलो.' कुणाला प्रकाश दिसलेला असतो, कुणाला वारलेली आई दिसलेली असते. रेमंड मूडी ह्या अमेरिकन लेखकाने अशा हकिकती गोळा करून १९७५ साली पुस्तक काढले, तेव्हापासून त्यांची जगभर चर्चा आहे.

आपण ह्या अनुभवांची थट्टा करू नये, आणि त्यांच्यावर श्रद्धेची इमारतही उभारू नये. लाजर चार दिवस कबरेत होता. तिथे त्याने काय पाहिले ह्याविषयी योहानच्या शुभवर्तमानात एक शब्द नाही. पुढच्याच अध्यायात तो बेथानीत प्रभूबरोबर जेवायला बसलेला दिसतो, एवढेच. काय पाहिले ह्यापेक्षा परतल्यावर मनात काय उरले, हा प्रश्न आपल्या अधिक उपयोगाचा आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या आत्मकथनात सापडते.

१५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला हे आपल्याला ठाऊक आहे. त्या दुखण्यात त्यांना शेवटचे संस्कारही देण्यात आले होते. पण त्यानंतरही ते तीन वेळा मरणाच्या दारापर्यंत गेले, आणि हे तिन्ही प्रसंग त्यांनी मुद्दाम एकापाठोपाठ सांगितले आहेत.

पहिला प्रसंग मान्रेसा गावचा. तापाने जीव जाणार असे वाटत असताना त्यांच्या मनात विचार आला, 'मी तर नीतिमान आहे.' ह्या विचाराने ते इतके हैराण झाले की तापापेक्षा त्याच्याशीच झगडत राहिले. थोडे बरे वाटताच भेटीला आलेल्या बायांना त्यांनी विनवले की, पुन्हा मी मरायला टेकलो तर मोठ्याने ओरडून मला पापी म्हणा! आपल्याला हे जरा अतिच वाटेल. पण नीट पाहू या. बरा होऊन आलेला माणूस म्हणतो, 'देवाने मला वाचवले.' ते खरेच आहे. मात्र शेजारच्या खाटेवरचा माणूस वाचला नाही, आणि त्याची बायकोही त्याच मिस्साला आपल्या मागच्या बाकावर बसलेली असते. २०२१ सालच्या कोरोनाच्या लाटेत हे आपण फार जवळून पाहिले. आपण चांगले म्हणून वाचलो, असे आपल्या साक्षीतून तिला ऐकू जाऊ नये. तिच्या नवऱ्याच्या प्रार्थना काही कमी पडल्या नव्हत्या.

दुसरा प्रसंग समुद्रावरचा. व्हॅलेन्सियाहून इटलीला जाताना वादळात जहाजाचे सुकाणू मोडले. आता कुणी वाचत नाही, असेच सर्वांना वाटले. इग्नेशियस सांगतात की त्या वेळी त्यांना पापांची किंवा नरकाची भीती वाटली नाही. वाटली ती लाज. देवाने जी दाने व कृपा दिली होती ती आपण नीट वापरली नाहीत, ह्याचे दुःख झाले. कृतज्ञता म्हणजे नवसाची मेणबत्ती एवढाच अर्थ आपण कधी कधी धरतो. मेणबत्ती जरूर लावावी. पण परत मिळालेले हात-पाय, वाचा, वेळ ह्यांचे काय करायचे, भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा कधी सुरू करायचे, हा हिशेब त्या जहाजावरचा आहे.

तिसरा प्रसंग १५५० सालचा. ताप इतका की त्यांनी स्वतः व इतरांनीही आशा सोडली. ह्या खेपेस मरणाच्या विचाराने त्यांना एवढा आनंद व सांत्वन मिळाले की अश्रू थांबेनात. शेवटी, हे सांत्वन फार होऊ नये म्हणून ते मरणाचा विचारच टाळू लागले! पहिल्या तापापासून ह्या तापापर्यंत जवळजवळ २८ वर्षे गेली होती. आपल्या घरातल्या आजाऱ्याला आज भीती वाटत असेल तर त्याची श्रद्धा कमी आहे असे कुणी म्हणू नये. सांत्वनाला वेळ लागतो.

म्हणून आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठी धर्मगुरूंना वेळीच बोलवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेचा नाही. तरीही 'फादर आले म्हणजे संपले' ह्या भीतीने आपण थांबत राहतो.

आणि काही घरांत तीच खंत अजून सलते : रात्री अचानक झाले, फादर पोहोचू शकले नाहीत. त्या कुटुंबांना हे ठाऊक असावे. ३० जुलै १५५६ रोजी इग्नेशियसनी आपले सचिव पोलांको ह्यांना पोपमहोदयांचा आशीर्वाद आणायला सांगितले. पोलांकोंना स्पेनला जाणारी टपाल पुरी करायची होती, त्यांनी उद्या जातो म्हटले. रात्री शुश्रूषा करणाऱ्या ब्रदरनी त्यांना अधूनमधून 'हे देवा' असे पुटपुटताना ऐकले. पहाटे धावपळ झाली, पण पोलांको आशीर्वाद घेऊन परतण्याआधीच ते गेले. तैलाभ्यंगही राहून गेला. ३१ जुलैला आपण ज्यांचा सण साजरा करतो, ते हेच संत इग्नेशियस.