नक्कल, शाप आणि आवाजाची मालकी

नाट्यशास्त्राच्या शेवटाकडे एक गोष्ट येते. भरतमुनींच्या शंभर पुत्रांना नाट्यविद्या आली आणि विद्येपाठोपाठ मस्तीही आली. त्यांनी एक प्रहसन रचलं आणि भरसभेत थेट ऋषींचीच टवाळी केली. ऋषी खवळले. तुमचं ज्ञान नष्ट होईल, तुमची प्रतिष्ठा जाईल, असा शाप त्यांनी दिला. पोरं घाबरून बापाकडे धावली, देवांनी रदबदली केली आणि नाट्य तेवढं वाचलं. पुढे नहुष राजाच्या विनंतीवरून ते पृथ्वीवर आलं. नाटकाच्या जन्मकथेतच नकलेवरून झालेलं भांडण असं नोंदवून ठेवलेलं आहे.

त्या भांडणाचा निकाल काही अजून लागलेला नाही. दुसऱ्याचा आवाज, त्याची बोलण्याची ढब, त्याचं अडखळणं उचलून चार लोकांना हसवणं हे पाप की कला? आणि आवाज तरी कोणाचा? ज्याच्या गळ्यातून निघतो त्याचा, की ज्याला जमतो त्याचा?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तिथे नक्कल ही रीतसर स्पर्धा आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांची पोरं त्यासाठी तयारी करून येतात. वेळ मोजून पाच मिनिटं. पोरगा प्रेक्षकांकडे पाठ करतो, खांदे हलवून अंग सैल करतो आणि वळतो तो नाना पाटेकर होऊनच. पुन्हा पाठ, पुन्हा वळणं, की दुसरा कोणी. मग माइक ओठांना चिकटवून बोकड, सुरू न होणारी मोटारसायकल, प्रेशर कुकर. परीक्षकांच्या कागदावर आवाज किती काढले आणि त्यांत वैविध्य किती, याला गुण असतात. नाना पाटेकरांना काय वाटेल, याला रकाना नाही.

शास्त्राने मात्र तो विचार केला होता. भरतांनीच म्हटलं आहे की दुसऱ्याच्या वागण्याचं अनुकरण केलं की हसू उपजतं. शंकुक नावाच्या भाष्यकाराने पुढे मांडलं की नाटकातला रस म्हणजे अनुकरणच; चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो, तसंच नटाला राम म्हणतो. अभिनवगुप्तांनी आपले गुरू भट्टतोत यांच्या आधाराने हे खोडून काढलं. ज्या रामाला नटाने कधी पाहिलंच नाही त्याचं अनुकरण तो करणार कसं? आणि खरोखर अनुकरण केलं असतं तर भरतांच्याच नियमाने लोक हसले असते, रडले नसते. नांदेडकरांना ही चर्चा परकी वाटायला नको. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर याच गावात राहून रससिद्धान्ताचा कीस काढत होते.

या वादातून एक कामाची खूण हाती लागते. एका विशिष्ट माणसाची हुबेहूब ढब उचलली की हसू येतं. तीच ढब एका माणसाची न राहता साऱ्या जातकुळीची झाली की वेगळंच काही घडतं.

मराठवाड्यात ते घडवणारा माणूस म्हणजे रायरंद. इतरत्र त्याला बहुरूपी म्हणतात. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात दांडकं अशा थाटात तो दारात उभा राहतो आणि घरधन्यावर डाफरतो. तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय, चला ठाण्यात! मग एका दमात कलमांची लांबलचक यादी, आणि ती पुढे सरकेल तशी कलमं चक्रम होत जातात. आतून म्हातारी पदर तोंडाला लावून बघत असते, पोरं आधी बिचकतात आणि मग खिदळतात. शेवटी हाच फौजदार सलाम ठोकून बक्षिशी मागतो. त्याने ठाण्यातल्या कुठल्याही एका हवालदाराची नक्कल केलेली नसते. दारात आलेल्या सत्तेचा सूरच त्याने पकडलेला असतो. म्हणून कोणाचा अपमान होत नाही आणि कोणी सुटतही नाही.

विशिष्ट माणसाची नक्कल मात्र नाजूक काम. २००३ साली आलेल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये जॉनी डेपने कॅप्टन जॅक स्पॅरो रंगवला. शब्द एकमेकांत विरघळवत बोलणं, मान कलती, हात हवेत तरंगते. ही ढब त्याने रोलिंग स्टोन्सचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्यावरून घेतल्याचं उघड सांगितलं. रॉक संगीतकार म्हणजे आजचे समुद्री चाचे, असा त्याचा हिशेब होता. डिस्नेच्या बड्या मंडळींना काळजी वाटली की हा नायक बोलतोय काय आणि चालतोय कसा. २००७ च्या भागात खुद्द रिचर्ड्स पडद्यावर आले, तेही जॅकच्या बापाच्या भूमिकेत. ज्याची नक्कल झाली त्याने शाप देण्याऐवजी नकलेला मुलगा मानलं. भरतपुत्रांच्या वाट्याला हे भाग्य आलं नव्हतं.

दुसऱ्या एका संगीतकाराने कोर्ट गाठलं. टॉम वेट्स यांचा आवाज खरखरीत, वाळू गिळल्यासारखा, आणि जाहिरातींसाठी गायचं नाही हा त्यांचा पक्का नेम. १९८८ साली फ्रिटो-ले कंपनीने डोरिटोसच्या रेडिओ जाहिरातीसाठी त्यांच्यासारखं गाणारा दुसराच गायक शोधला. ऐकणाऱ्यांना वेट्सच गातायत असं वाटलं. गंमत म्हणजे जाहिरातीला नमुना म्हणून घेतलेलं त्यांचं गाणं जाहिरातबाजीचीच खिल्ली उडवणारं होतं. ज्यूरीने त्यांना पंचवीस लाख डॉलरच्या आसपास भरपाई दिली आणि १९९२ मध्ये अपिलातही मूळ निकाल टिकला.

दोन्ही ठिकाणी गळा दुसऱ्याचाच होता. डेपने नक्कल केली आणि सांगून केली. जाहिरातवाल्यांची नक्कल कोणाला कळू नये म्हणूनच केलेली होती. तिथे कोणी हसलं नाही. नकलेतलं हसू म्हणजे प्रेक्षकाने दिलेली पोच असते: हा तो नव्हे, हे मला कळलंय. ती पोच नसेल तर नक्कल तोतयेगिरी होते.

आपल्या परंपरेत वाणीचे चार थर मानले आहेत: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. नकलाकाराच्या हाती लागते ती फार तर वैखरी. शब्द फुटण्याआधी माणसाच्या आत जे चालतं, तिथपर्यंत त्याचा हात पोचत नाही. म्हणून अस्सल नकलेने माणसाचं काही कमी होत नाही. मात्र वैखरी हीच ज्याची भाकरी आहे, त्या गायकाला एवढं तत्त्वज्ञान सांगून भागत नाही.

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात तिसरीच वाट काढली. त्यांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, वाघ्या, मुरळी, फकीर, बहिरा, मुका, आंधळा असे कितीतरी जण बोलतात. बहिऱ्याची नक्कल करून हसवणं सोपं. नाथांचा बहिरा मात्र स्वतःबद्दल बोलतो, आणि त्याचं बहिरेपण ऐकणाऱ्याच्या अंगावर येतं. दुसऱ्याचा आवाज घेऊन ‘तो’ म्हणण्याऐवजी ‘मी’ म्हटलं की टवाळीला जागाच उरत नाही. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी आजही दिसतात. नाथांनी आवाज घेतला तो अशाच माणसांचा.

नक्कल खालून वर होते की वरून खाली, यावरही बरंच ठरतं. रायरंदाने फौजदाराची केली तर ती गंमत. पुण्याच्या वसतिगृहात लातूरच्या पोराने ‘जायलाव’ म्हटल्यावर खोलीभर त्याचीच री ओढली जाते, तेव्हा ती गंमत राहत नाही. तो पोरगा आठवडाभरात ‘जातोय’ म्हणायला शिकतो आणि गावी आईला फोन करतानाच तेवढा मोकळा होतो. याच बोलीला प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये रंगमंचावर आणलं. एकट्याने बावन्न पात्रं उभी केली आणि गिनीज बुकात नोंद झाली. हसू तेव्हाही बोलीचंच होतं, पण हसवणारा त्याच मातीतला होता आणि मराठवाड्याचा प्रेक्षक पहिल्या रांगेत होता.

आता गळ्याचीही गरज उरलेली नाही. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांचा आवाज बनवून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण मिळालं. यंत्र पाठ करून पुन्हा वळत नाही, घाम पुसत नाही, चुकत नाही. ऐकणाऱ्याला पोच देण्याची संधीच ते ठेवत नाही. न्यायालयाने इथे ओढलेली रेघ योग्य आहे. पण उद्या याच रेघेचा धाक दाखवून एखादा नट किंवा नेता आपली नक्कल करणाऱ्या पोराला नोटीस धाडू लागला, तर न्यायालयाने त्याला दारातून परत पाठवावं. युवक महोत्सवातली पाच मिनिटं आणि रायरंदाची फौजदारी यांना कायद्याच्या संरक्षणाची गरज आहे, कायद्यापासून संरक्षणाची वेळ त्यांच्यावर येऊ नये.