उजेड कुणाला किती पेलतो?

प्रकाश म्हणजे ज्ञान, आणि ते जितकं जास्त तितकं कल्याण, अशी आपली धर्मपरंपरेतून आलेली समजूत आहे. पाण्यावर तरंगणारं अझोला हे नेचं ती तपासून पाहायला लावतं. त्याच्या पानांतल्या बारीक पोकळ्यांत नीलहरित जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र त्याला मिळवून देतात. म्हणून ते भातखाचरात खताला वापरतात, आणि महाराष्ट्रातले शेतकरी जनावरांच्या खुराकासाठी खड्ड्यात वाढवतात. पण हा खड्डा झाडाच्या विरळ सावलीत घेतात, नाहीतर वर शेडनेट ताणतात. कडक उन्हात हिरवी पानं तांबूस पडतात, वाढ मंदावते. काळोखात तर ते तगतच नाही. तेव्हा प्रकाश हितकर ठरतो तो घेणाऱ्याला पचेल त्या मानाने.

वनस्पतीच्या स्वभावावरून माणसाचं कर्तव्य ठरत नाही, असं कुणी म्हणेल. ते मान्य आहे. मात्र ‘जास्त ते नेहमीच चांगलं’ हा सिद्धान्त मोडायला एक उलटं उदाहरण पुरतं. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. पात्रतेची हीच भाषा वापरून आपल्याकडे स्त्रिया आणि शूद्रांना वेदाध्ययन नाकारलं गेलं. ‘पचेल तेवढंच’ म्हटलं की वाटपाची किल्ली पुन्हा नाकारणाऱ्यांच्याच हातात जाते.

याचं उत्तर त्या तांबूस पानातच आहे. तसा रंग थंडीनेही येतो, पाण्यात स्फुरद कमी पडलं तरी येतो. उपासमारीने वाढ अडली की मिळालेला उजेड पानाला वापरता येत नाही, आणि एरवी मानवणारं ऊनही जाचायला लागतं. अशा वेळी जाणता शेतकरी खड्ड्यात शेणकाला आणि सुपर फॉस्फेट घालतो. न पेलणं हा पानाचा जन्मजात दोष मानला असता, तर ही उणीव कधी भरलीच गेली नसती. माणसाच्या शिक्षणाबाबतही असंच आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली, तेव्हा सोबत शिष्यवृत्त्या आणि बक्षिसंही मागितली. ज्ञान पेलायला आधी पोटाला आणि उमेदीला आधार लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मात्रेचा विचार म्हणूनच टाकून देऊ नये. त्याचा रोख फिरवावा. ‘याला झेपणार नाही’ असं म्हणणाऱ्याने, झेपण्यासाठी आपण काय पुरवलं याचा हिशेब आधी द्यायला हवा. तो दिल्यावाचून ज्ञान रोखून धरणं हा अधर्मच आहे.