पेटी कुणासाठी?

उर्दू शाळेत वाद्य शिकवावे का, हा विषय निघाला की पालक काय म्हणतील, मौलानासाहेब काय म्हणतील, याची धास्ती वाटते. ती पोकळ नाही. अनेक उलेमा वाद्ये नाजायज मानतात. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) ‘इह्या’मध्ये समाअला अटींसह मुभा दिली, पण काही वाद्ये वर्ज्यच ठरवली. मतभेद जुना आहे. तो आम्ही शिक्षकांनी मिटवायचा नाही.

पण संगीत आपले नव्हेच, असे मुलांना कसे सांगावे? तंबोऱ्याचा भोपळा आमच्याच जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो. मिरजेचे शिकलगार पिढ्यान् पिढ्या त्याचे तंबोरे घडवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांनी मिरजेलाच घर केले.

ज्याची श्रद्धा आड येते, त्याच्या मुलावर सक्ती नको. त्या तासाला त्याने खुशखती शिकावी. त्याला कुणी हिणवू नये. मात्र एकाच्या नकाराने दुसऱ्याचे दार बंद व्हावे, हा इन्साफ नव्हे. पैसेवाल्यांची मुले खासगी क्लासला जातात. विड्या वळणाऱ्या आईच्या मुलीला पेटीला हात लावायला मिळाला, तर तो शाळेतच मिळेल.

म्हणून पालकसभेत हा प्रश्न उघडपणे मांडावा. मौलानासाहेबांनाही बोलवावे, त्यांचे म्हणणे अदबीने ऐकावे. आणि ज्या पालकांची इच्छा असेल, त्यांच्या मुलांची नावे त्याच सभेत लिहून घ्यावीत.