हस्ताक्षर आणि स्वाक्षरी

आमच्या दक्षिण तुकोगंजात मराठी आणि हिंदी यांची भिंतीला भिंत लागून आहे. शेजारच्या भाभी ‘हस्ताक्षर’ म्हणतात तेव्हा त्यांना सही हवी असते. आम्ही म्हणतो तेव्हा अक्षराचे वळण कसे आहे ते बघतो. माझ्या जुन्या स्वाक्षरीवहीचा सारा घोटाळा या दोन अर्थांमधला आहे.

वहीत सय्यद मुश्ताक अलींची सही आहे. 1951 साली होळकर संघाने गुजरातला हरवून रणजी करंडक जिंकला, त्या दिवसांत मला गोवर निघाला होता. मी रडून घर डोक्यावर घेतले. दादा वही घेऊन यशवंत क्लबच्या मैदानावर गेला आणि संध्याकाळी सही घेऊन आला. 1936 साली मँचेस्टरला 112 धावा काढून, परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय ठरलेला माणूस माझ्या वहीत! कितीतरी दिवस मी वही उशाशी घेऊन झोपले.

परवा दादाच्या मुलाला एक संग्राहक भेटला. सही अस्सल असेल तर विकत घेतो म्हणाला. अस्सल कशी ओळखायची तेही त्यानेच सांगितले. रोज सही करणाऱ्याचा हात भरभर जातो, शेवटची रेघ निमुळती होत सुटते. नक्कल करणारा सही करत नाही, तिचे चित्र काढतो; पुढचे वळण आठवायला पेन थांबते आणि तिथे शाईचा ठिपका पडतो.

भिंगाखाली चार ठिपके दिसले. मग मी दादाच्या जुन्या पाकिटांवरचे इंग्रजी पत्ते काढून पाहिले. मोठ्या ‘ए’ची आडवी रेघ तीच. दादा जाऊन आता बरीच वर्षे झाली.

‘आत्या, खोटी असली तरी कोणाला कळणार आहे?’ भाचा म्हणाला.

गांधीजी हरिजन निधीसाठी स्वाक्षरीचे पाच रुपये घेत. तो उघड व्यवहार होता, काय मिळते ते देणाऱ्याला ठाऊक असे. आमच्याकडे पैशाचा प्रश्नच नव्हता. आजारी बहिणीचे रडे थांबवायला केलेली लबाडी ती, तिला फसवणूक काय म्हणायचे, असे मी काही दिवस स्वतःला समजावत होते. पण मुश्ताक अली इंदूरचेच. 2005 साली ते वारले तेही इथेच. सही आहेच आपल्याकडे, म्हणून मी त्यांच्या दारी कधी गेले नाही. चोपन्न वर्षे! दादाला याची कल्पनाही नसणार.

बाजाराचा हिशेब आणखी निराळा. मागेल त्याला सही देणाऱ्याची सही स्वस्त, तुसड्या माणसाची महाग. म्हणजे माणसाच्या चांगुलपणाने त्याचा भाव उतरतो. हे मला अजून पटलेले नाही.

वही विकायची नाही, असे मी भाच्याला सांगितले. माझ्यामागे ती त्याच्याकडेच जाणार, म्हणून पानाखाली पेन्सिलीने लिहिले, ‘ही सही मुश्ताक अलींची नाही.’ कोणाची आहे, ते अजून लिहिलेले नाही. वाचणारा दादाचाच मुलगा आहे.